औटपोस्ट लंकाबाईच्या बांधावर

नानांच्या औटपोस्टात माणसे तीन, सायकल एक आणि गावे सतरा होती. नवीन तक्रारदार आला की नाना त्याला ही मोजणी आधी सांगत आणि तक्रार नंतर ऐकत.

नाना म्हणजे माझे वडील, हेड कॉन्स्टेबल रंगनाथ सांगळे. लोक त्यांना जमादार म्हणत. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आग्रा रोड सोडून तीन मैल आत गेले की धामणवाडी लागते. तिथे ते पाच वर्षे होते. औटपोस्टाची एक खोली, पुढे पडवी आणि भिंतीला भिंत लावून आमचे क्वार्टर. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. मी गावातल्या हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे मला लोक बाई म्हणत आणि नानांना जमादार. घरात मात्र भाजीत मीठ जास्त कोणी टाकले यावरून आमची रोजची चौकशी चाले.

नाना गेल्या मार्गशीर्षात गेले. नाशिकच्या घरी भेटायला येणारे त्यांच्याविषयी चांगलेच बोलतात आणि ते खरेही असते. पण तसे कोणत्याही निवृत्त जमादाराविषयी बोलता येईल. म्हणून १९७९च्या मार्चमधले चार दिवस लिहून ठेवते आहे. ते फक्त त्यांचेच होते.

शाळेने टाकून दिलेला एक फळा नानांनी पडवीत टांगला होता. रोज सकाळी आठ वाजता ते त्यावर हातातल्या तक्रारी क्रमाने लिहीत. सगळ्यात वर ज्याचे नाव, त्याच्याकडे सायकल आधी जाणार. क्रम ठरायचा तो तक्रारदाराच्या ऐपतीवरून नाही, कायद्याच्या कलमावरूनही नाही. नाना प्रत्येकाला एकच विचारत : “आज नाही, उद्या आलो, तर काय बिघडेल?”

“वरून येणाऱ्या कागदावर सगळंच तातडीचं असतं,” ते मला म्हणाले होते. “सतरा गावं एकदम तातडीची झाली तर सायकलचं हँडल कुठं वळवू?”

मी तेव्हा हाताला लागेल ते वाचत असे. पुस्तकांतले पोलीस एका गुन्ह्याच्या मागे महिनाभर फिरत. त्यांना सतरा गावे नव्हती, आणि साखळी पडणारी सायकलही नव्हती.

गावाला हा फळा आवडला. लोक सकाळी वर्तमानपत्र वाचावे तसा तो वाचायला येत. शेजारच्या चहाच्या टपरीवर तर उत्तरांची तालीमच चाले. वाल्मीक नावाचा तरुण शिपाई तिथून बातम्या आणायचा.

“जमादार, आज एक जण येतोय. भावाशी भांडण झालंय. तो म्हणणारे, उद्या आलात तर माझा राग गेलेला असंल, मग काय उपयोग?”

“त्याला सांग, मी परवा येतो,” नाना म्हणाले.

त्या सोमवारी फळ्यासमोर पुंजा आबा उभे होते. गावातले सगळ्यांत मोठे द्राक्षबागायतदार. पांढरे धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि राजदूत मोटारसायकल पडवीच्या पायरीला टेकवलेली.

“जमादार, माझं नाव चौथं?”

“हो.”

“आन् तिसरं बायडाबाईचं? कोंबडीसाठी?”

बायडाबाई पडवीतच बसल्या होत्या. त्या गावात बैलगाडी भाड्याने हाकायच्या आणि कोणालाच भीत नसत. “आबा, कोंबडी शेजारणीच्या घरात हाय. उद्यापर्यंत तिचा रस्सा व्हईल. तुमच्या द्राक्षांचा काय रस्सा होतो का?”

“माझ्या बागेतनं रोज घड चोरीला जात्यात!”

“रोज जातात,” नाना म्हणाले, “म्हणजे उद्याही जातील. मग उद्या येतो.”

आबांनी चष्मा काढला. घटकाभर विचार केला. मग म्हणाले, “बागेचा तोडा शुक्रवारी हाय. टेम्पो यायचाय. तुम्ही उद्या नाय आलात, तर चोर तोडून नेतील आन् शुक्रवारी टेम्पोत निस्ती पानं भरावी लागतील.”

नाना हसले. त्यांनी ओल्या फडक्याने नाव पुसले आणि मंगळवारच्या यादीत पहिले लिहिले. आबा परीक्षा पास झाल्यासारखे सगळ्यांकडे बघून निघून गेले.

त्याच सकाळी लंकाबाई आल्या होत्या. बौद्धवाड्यातल्या, पन्नाशीच्या, नवरा नसलेल्या. पाटाच्या कडेला त्यांचे अर्धा एकर रान होते. त्या पडवीच्या कडेला उभ्या राहिल्या, नानांनी बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत.

“जयभीम, जमादार. आमच्या चारीत कुणी तरी माती टाकलीय. पानी येत नाय.”

चारी म्हणजे पाटाचे पाणी शेतापर्यंत नेणारा छोटा चर. कारभारी, आमचा दुसरा आणि वयाने मोठा शिपाई, लगेच म्हणाला, “हे काम पाटबंधाऱ्याचं हाय, बाई. अर्ज तिकडं द्यायचा.”

“थांब,” नाना म्हणाले. “लंकाबाई, आज मला जमत नाही. उद्या, परवा आलो तर काय बिघडेल?”

“काय नाय जमादार,” लंकाबाई म्हणाल्या. “तुमच्या सवडीनं या. तुम्हाला लय कामं.”

नानांनी त्यांचे नाव शेवटी लिहिले. मंगळवारी ते शेवटीच राहिले. बुधवारीही. लंकाबाई दोन्ही दिवशी आल्या, फळ्यावर आपले नाव आहे ना एवढे वाल्मीककडून वाचून घेतले आणि परत गेल्या.

मार्चपासून शाळा सकाळची झाली होती. बुधवारी साडेअकराला मी पाटाच्या रस्त्याने घरी येत होते, तेव्हा त्या मला दिसल्या. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन त्या विहिरीकडून येत होत्या. विहीर तिथून अर्धा मैल. त्यांच्या रानात डोंगळे उभे होते. कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्यातून दांडा वर येतो आणि दांड्याच्या टोकाला पांढरा गेंद धरतो, तोच डोंगळा. त्यात पुढच्या वर्षीचे बी भरते. अर्ध्या एकरात हजारो पांढरे गेंद वाऱ्यावर हलत होते आणि लंकाबाई एकेका दांड्याच्या बुडाशी तांब्याने पाणी घालत होत्या.

“लंकाबाई, असं किती पुरणार?”

“नाय पुरत, बाई. दोन वाफे भिजत्यात, तवर पयला सुकतो.” त्या हसल्या. “उद्या पाळी हाय ना. बेस्तरवारी साडेबाराला पाट सुटतो.”

“आणि उद्या पाणी नाही आलं तर?”

“मंग पंधरा दिसांनी.” त्यांनी एक गेंद हातात धरून दाखवला. “आत्ता बी भरतंय. आत्ता पानी नाय भेटलं तर आतमध्ये फोल राहतं. बी इकूनच माझं वरीस जातं. दुसरं काय नाय इथं.”

“हे तुम्ही नानांना का नाही सांगितलं? त्यांनी विचारलं होतं ना?”

त्या माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिल्या. “बाई, एवढा सरकारी मानूस. आपल्याला इचारतो, उद्या आलो तर चालंल का. त्याला नाय कसं म्हनायचं?”

चारी कुठे बुजली तेही त्यांनी दाखवले. पुंजा आबांच्या बागेकडे वळणाऱ्या रस्त्यावर मुरूम टाकून चांगला रुंद भराव केलेला होता. टेम्पो बागेत नेता यावा म्हणून.

दुपारी जेवताना मी नानांना सगळे सांगितले. त्यांचा घास हातातच राहिला.

“नेमकं काय म्हणाली ती? तिच्याच शब्दांत सांग.”

मी सांगितले. नानांनी घास ताटात परत ठेवला.

“मी चौकशी करत होतो, विमल, आणि ती माझा पाहुणचार करत होती,” ते म्हणाले. “आबा टपरीवर बसून उत्तर तयार करतो. हिला कोण शिकवणार? तिच्या वाड्यातलं माणूस या पडवीत पहिल्यांदा आलं असेल, आणि मी तिला शेवटी लिहिलं.” मग म्हणाले, “आणि मंगळवारी मी त्याच भरावावरून सायकल नेली. आबाला म्हटलंसुद्धा, रस्ता झकास केलात.”

मला हसू आले. मग नानांनाही आले. पण जेवण त्यांनी पुरे केले नाही.

तीन वाजता ठाण्यातून चिठ्ठी आली. गुरुवारी पिंपळगावला एक मंत्री येणार होते, बंदोबस्तासाठी दोन्ही शिपाई सकाळी सातला हजर पाहिजेत. खाली वेगळी ओळ होती : औटपोस्ट कोणत्याही सबबीवर रिकामे ठेवू नये, जमादाराने जातीने हजर राहून तक्रारी घ्याव्यात. सही फौजदारांची.

कारभारीने चिठ्ठी वाचून नानांचा चेहरा बघितला आणि तो ओळखला. “जमादार, जाऊ नका. पाटाचं काम आपलं नाय. एकदा हात घातला की उद्या सगळ्या तालुक्याच्या चाऱ्या आपल्या दारात. आन् तुमची दोन वर्षं राहिलीत पेन्शनीला.”

“बरोबर बोलतोस,” नाना म्हणाले. “पाटबंधाऱ्याला अर्ज देऊ. तो वर जाईल, खाली येईल. तोवर तिचं बी फोल होईल.”

“मंग औटपोस्ट सोडून जाणार?”

“नाही. हुकूम आहे ना, सोडायचं नाही.”

ते एवढेच बोलले. संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. मी विचारले तेव्हा म्हणाले, “बघतोय, औटपोस्ट म्हणजे नक्की काय ते यात कुठं लिहिलंय का.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले तर औटपोस्टाला कुलूप होते. फळ्यावर यादी नव्हती. नानांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते :

“औटपोस्ट आज लंकाबाईच्या बांधावर आहे. तक्रारी तिथेच घेतल्या जातील.”

मी जवळजवळ पळतच गेले. पाटाच्या कडेला, बाभळीच्या विरळ सावलीत, लंकाबाईंच्या रानात वळणाऱ्या चारीच्या ऐन तोंडाशी सरकारी टेबल मांडले होते. मागे सरकारी खुर्ची. टेबलावर डायरी, दौत आणि शिक्क्याचा डबा. नाना पूर्ण गणवेशात, डोक्यावर टोपी. समोर बांधावर सात-आठ तक्रारदार ओळीने बसले होते. बायडाबाईंची गाडी बैल सोडून उभी होती. सगळे सामान तिच्यातूनच आले होते.

“बाई, या या,” बायडाबाई ओरडल्या. “हितं लय गार वाटतं. तुमच्या पडवीत निस्तं उकडतं.”

लंकाबाई मात्र डोंगळ्यांत उभ्या होत्या, काही तरी फार मोठी चूक झाल्यासारख्या.

तेवढ्यात राजदूतचा आवाज आला. पुंजा आबा भरावावरून थेट टेबलापाशी येऊन थांबले.

“जमादार, हे काय सोंग? कालही घड गेले माझे. उद्या तोडा हाय!”

“या आबा. बसा. तुमचा नंबर दुसरा.”

“आन् पयला कोण?”

नानांनी लंकाबाईंना हाक मारली. त्या चिखलाचे हात पदराला पुसत आल्या आणि आबांना बघून म्हणाल्या, “नाय नाय जमादार, आबांचं घ्या आधी. माझं काय, मी हितंच हाय.”

“लंकाबाई,” नाना म्हणाले, “तुम्ही जरा वेळ सौजन्य बाजूला ठेवा. मी विचारतो तेवढंच सांगा. काल दिवसभर काय केलंत?”

“पानी आणलं.”

“कुठून?”

“थोरल्या हिरीवरनं.”

“किती खेपा?”

त्यांनी बोटे मोजली. “एकोणीस.”



“आज पाट किती वाजता सुटतो?”

“साडेबाराला.”

“पाणी रानात नाही आलं तर या डोंगळ्यांचं काय होईल?”

लंकाबाई आबांकडे न बघता म्हणाल्या, “बी फोल जाईल. सगळं.”

नानांनी डायरीत एकेक शब्द मोठ्याने उच्चारत लिहिले. मग पेन टेबलावर ठेवले. “आबा, तुम्ही उभे आहात तो भराव कोणाचा?”

आबांनी खाली बघितले. भराव त्यांचाच होता आणि बघायला आठ माणसे होती. त्यांचा चेहरा आधी तापला, मग पडला.

“माझा हाय. टेम्पोसाठी केला. पर मला काय ठाऊक? ही कधी बोलली का मला?”

“मलाही नाही बोलली,” नाना म्हणाले. “तीन दिवस माझ्या दारात येऊन नाही बोलली. चूक आपल्या दोघांची आहे, पण मुरूम एकट्या तुमचा आहे.”

बायडाबाई मोठ्याने हसल्या. आबांनाही हसू आवरेना, पण ते दाबून म्हणाले, “उद्या टेम्पो कसा नेऊ मी? पाण्यातनं?”

“पाळी संध्याकाळी सहाला संपते. मग सिमेंटचा पाईप टाका, वरून हाच मुरूम ओढा. खालून पाणी, वरून टेम्पो.”

“पाईप तर पडल्यातच माझ्या खळ्यात,” आबा म्हणाले, जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. मग त्यांनी घड्याळ बघितले. “बारा वाजले की! खोदायला माणसं आणायची कुठनं आता?”

नानांनी बांधावरच्या ओळीकडे नुसते पाहिले. तक्रारदार सगळे शेतकरीच होते. बहुतेकांची खोरी, फावडी बायडाबाईंच्या गाडीत किंवा शेजारच्या रानात होतीच. पहिले दोघे उठले. तिसरा म्हणाला, “जमादार, माझा नंबर तर जाणार नाय ना?” त्याला हमी मिळाल्यावर तोही उठला.

“आबा,” बायडाबाई म्हणाल्या, “तुमचे हात काय द्राक्षाचे हायेत? फुटतील व्हय?”

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, धोतर वर खोचले आणि फावडे घेतले. खरे सांगायचे तर त्यांच्याइतके जोरात कोणी खोदले नाही. नाना खोदत नव्हते. ते खुर्चीवर बसून एकेकाला नंबराने बोलावत आणि तो माणूस फावडे टेकून, घाम पुसत तक्रार सांगे. बायडाबाईंची कोंबडी सोमवारीच मिळाली होती. आता ती शेजारणीच्या घरी अंडे घालून आली होती आणि ते अंडे कोणाचे, ही नवी तक्रार होती. नानांनी तीही लिहून घेतली.

या दिवसाबद्दल पुढे ठाण्यातून लेखी खुलासा मागवला गेला. नानांनी लिहिले की औटपोस्ट रिकामे ठेवले नव्हते, उलट त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त भरलेले होते. फौजदारांनी त्यावर लाल शाईने काही तरी लिहिले. काय, ते नानांनी मला कधी दाखवले नाही. फळा राहिला. मात्र नाना आता आधी विचारू लागले, “काल दिवसभर काय केलंत?” आणि जो माणूस ‘सवडीनं या’ म्हणे, त्याच्याकडे ते त्याच दिवशी जात. टपरीवरच्या मंडळींना हे कळायला महिना लागला, मग तेही ‘सवडीनं या’ म्हणू लागले. त्यावर नानांकडे उपाय नव्हता. ते म्हणायचे, निदान बोलायला तरी गोड झालेत.

त्या गुरुवारी साडेबाराला पाटावरून शिटी वाजली. फाटक उघडले होते. भरावाचा शेवटचा हातभर मुरूम तेवढा राहिला होता. आबा आणि आणखी एक जण दोन्ही बाजूंनी तो ओढत होते. पाणी पुढे पालापाचोळा ढकलत, तांबूस फेस घेऊन आले, उरलेल्या मुरमाला टेकले, क्षणभर तुंबले आणि मग एका बाजूने फुटून आत शिरले. सगळे ओरडले.

लंकाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी लुगडे गुडघ्यापर्यंत खोचले आणि कुदळ घेऊन धावत आल्या. चारी त्यांच्या रानात जिथे वळते, नेमक्या तिथे सरकारी टेबल होते, सरकारी खुर्ची होती, आणि खुर्चीत माझे वडील डायरीत डोके घालून अंड्याची तक्रार पुरी करत होते.

“उठा!” लंकाबाई कडाडल्या.

नानांनी मान वर केली.

“बघता काय, जमादार? उठा तिथनं! पानी आलं! ते मेज उचला माझ्या वाटेतनं!”

नाना असे उठले की टोपी पडली. त्यांनी डायरी काखेत मारली, शिक्क्याचा डबा माझ्याकडे फेकला आणि खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते बाजूला झाले, पण बूट सावरायच्या आत पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आले होते. आबांनी टेबल ओढले. लंकाबाईंनी त्यांच्या दोघांच्या मधूनच कुदळ घातली, पहिल्या वाफ्याचे तोंड फोडले आणि मागे न बघता पाण्याबरोबर पुढच्या वाफ्याकडे गेल्या. नाना तसेच उभे होते, खुर्ची डोक्यावर, बुटांत पाणी. ते इतके हसत होते की खुर्ची खाली ठेवायचे त्यांना सुचत नव्हते.